परदेशातील वैमानिक परवाना आणि भारतीय आकाश

(नाशिक येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



नाशिक जिल्ह्याला विमान अपरिचित नाही. ओझरचा विमान कारखाना १९६४ साली स्थापन झाला, तर गांधीनगर येथे २००३ पासून भूसेनेच्या वैमानिकांचे प्रशिक्षण विद्यालय आहे. विमानाचा आवाज येताच वर्गातून मान वळवून आकाशाकडे पाहणारी मुले आपणा शिक्षकांच्या रोजच्या परिचयाची आहेत. त्यांच्यापैकी एखादे मूल उद्या वैमानिक व्हायचे म्हणाले, तर आपण त्याला काय सांगणार? आजचा विषय एवढाच आहे.

काही दिवसांपूर्वी निफाडकडील एक द्राक्ष बागायतदार माझ्या कार्यालयात आले. बागेवर कर्ज काढून त्यांनी मुलीला अमेरिकेत विमानोड्डाण शिकण्यास पाठविले होते. मुलगी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना घेऊन परतली. "परत आलात की महिन्याभरात परवाना बदलून मिळेल," असे एका मध्यस्थाने त्यांना सांगितले होते. त्याला वर्ष उलटले. ते म्हणाले, "साहेब, पोरगी तिथं विमान चालवत होती. इथलं आभाळ काय निराळं आहे?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. पुढे जी माहिती मी मिळविली, ती आज आपल्यापुढे ठेवतो.

७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. भारत त्यात सहभागी आहे. त्या कराराच्या ३२व्या कलमान्वये, आंतरराष्ट्रीय उड्डाण करणारे विमान ज्या देशात नोंदलेले असेल, त्याच देशाने वैमानिकाचा परवाना दिलेला किंवा ग्राह्य ठरविलेला असला पाहिजे. म्हणजे परवान्याचे नाते विमानाच्या नोंदणीशी आहे. आपल्या विमानांवर 'व्हीटी' ही अक्षरे असतात. ते विमान चालवावयाचे तर भारताची मान्यता हवी. याच कलमात आणखी एक तरतूद आहे. आपल्याच नागरिकाला दुसऱ्या देशाने दिलेला परवाना आपल्या भूमीवरील उड्डाणासाठी नाकारण्याचा अधिकार प्रत्येक देशाने राखून ठेवला आहे. तेव्हा त्या मुलीचा अमेरिकन परवाना खोटा नव्हे; मात्र येथे तो पात्रतेचा पुरावा ठरतो, भारतीय परवाना ठरत नाही. दुसऱ्या विद्यापीठाची पदवी घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला आपण समकक्षतेचा दाखला मागतो, तसेच हे आहे.

ही केवळ कागदी अडवणूक आहे काय? त्या वडिलांचा समज तसाच होता. पण विमानाची उंची हवेच्या दाबावरून दाखविली जाते, हे ध्यानात घ्या. अमेरिकेत हा दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात, आपल्याकडे हेक्टोपास्कलमध्ये. तेथे दृश्यता मैलांत मोजतात, येथे मीटरमध्ये. आपला मोसमी पाऊस हे तर निराळेच शास्त्र आहे. आभाळ एकच असले, तरी त्यात वावरण्याची भाषा व नियम वेगळे आहेत. म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालय हवाई नियम, मार्गनिर्देशन व हवामानशास्त्र यांची परीक्षा घेते. तीत उत्तीर्ण होण्यास शेकडा ७० गुण लागतात. रेडिओवरून संभाषण करण्याचा परवाना निराळा घ्यावा लागतो, आणि प्रथम वर्गाची वैद्यकीय तपासणी भारतीय नियमांनुसार करून घ्यावी लागते.

यानंतर उड्डाणाच्या तासांचा हिशेब येतो. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे एकूण २०० तास लागतात. त्यांपैकी १०० तास विमानाची सूत्रे स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळलेली असावीत. ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५६ किलोमीटरचा, एक लांब प्रवासही त्यात हवा. अमेरिकेतील काही मान्यताप्राप्त विद्यालयांचा अभ्यासक्रम १९० तासांत पूर्ण होऊ शकतो. तेथे तो विद्यार्थी पूर्ण वैमानिक असतो, आणि येथे त्याचे दहा तास कमी भरतात! शिवाय अलीकडच्या काळात केलेले उड्डाण आणि कौशल्यचाचणीही लागते. परीक्षेची वाट पाहण्यात महिने गेले, की जुने उड्डाण मुदतीबाहेर जाते आणि पुन्हा पैसे भरून उडावे लागते. बागायतदाराचे वर्ष आणि पैसा गेला तो येथेच.

परदेशी परवान्याची खातरजमा तो देणाऱ्या देशाकडून केली जाते, त्यालाही वेळ लागतो. २०११ साली बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळविल्याची प्रकरणे आपल्या देशात उघडकीस आली आणि काही वैमानिकांना अटक झाली. ज्या विमानात शंभर-दीडशे माणसे बसतात, त्याच्या चालकाचा कागद तपासून पाहिलाच पाहिजे, याबद्दल दुमत नसावे.

मग आपण काय करावे? माझ्या मते सारे काही क्रमावर अवलंबून आहे. प्रथम वैद्यकीय तपासणी करावी. डोळ्यांत वा कानांत दोष निघाला, तर तो जमीन गहाण टाकण्यापूर्वी कळलेला बरा. त्यानंतर भारतीय परीक्षा येथेच देऊन मोकळे व्हावे. परदेशी जायचेच झाले, तर भारतीय नियमांतील तासांचा तक्ता त्या विद्यालयापुढे ठेवून, "हे सर्व भरून मिळेल काय?" असे लेखी विचारावे. उड्डाणनोंदवही पहिल्या दिवसापासून काटेकोर ठेवावी. आणि गोंदिया, बारामती, धुळे या आपल्याच राज्यातील ठिकाणी उड्डाणाचे शिक्षण मिळते, तेथे चौकशी केल्यावाचून परदेशाचा विचार करू नये. नियम वेळोवेळी बदलतात. १९३४ च्या विमान कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने १ जानेवारी २०२५ पासून घेतली आहे. म्हणून मध्यस्थाच्या शब्दावर न विसंबता महासंचालनालयाची अधिकृत माहिती पाहावी.

परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळालीच, असेही कोणी समजू नये. हे सांगताना मुलांचा हिरमोड करण्याचा माझा हेतू नाही. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्या वेळी उड्डाण ही श्रीमंतांची हौस होती. आज शेतकऱ्याची मुलगी ते स्वप्न पाहते, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

ती मुलगी सध्या हवाई नियमांचा अभ्यास करीत आहे. परीक्षा झाली की उरलेले तास ती येथेच पुरे करणार आहे. तिचे वडील मला परवा म्हणाले, "साहेब, हे आधी कोणी गावात सांगितलं असतं तर!" गावात सांगणारी माणसे म्हणजे आपणच आहोत. ग्रामसभेत, शाळेत, पालकांच्या बैठकीत ही माहिती आपण पोहोचवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!