पाखरांची वाट आणि पवनचक्की



वाऱ्यावर वीज होते, कोळसा जळत नाही. मग पवनचक्कीने कोणाचे काय बिघडते? याचे उत्तर स्पेनच्या दक्षिण टोकाशी, तारिफा येथे मिळते. युरोपातून आफ्रिकेकडे जाणारे करकोचे, घारी आणि तरुण गिधाडे पंख फारसे हलवीत नाहीत. तापल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर ती तरंगतात. समुद्रावर असा आधार नाही. म्हणून जेमतेम १४ किलोमीटर रुंदीच्या जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपाशी ती एकवटतात. वाराही तेथेच जोराचा, म्हणून चक्क्याही तेथेच! आणि मान खाली घालून भक्ष्य शोधणाऱ्या गिधाडाला समोरचे पाते दिसत नाही.

२००८ साली तेथील १३ पवनक्षेत्रांत एक साधा उपाय योजला गेला. पक्षी पात्यांकडे येताना दिसला की निरीक्षकाने निरोप द्यावा आणि तेवढ्याच चक्क्या थांबवाव्यात. दोन वर्षांत गिधाडांचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. वीज किती घटली? वर्षाला शेकडा ०.०७, म्हणजे दहा हजार युनिटांमागे सात!

तेव्हा वीज हवी की पाखरे, हा वाद फसवा आहे. त्या सात युनिटांवर पाणी सोडून पहारा ठेवण्याची आपली तयारी आहे काय, एवढाच खरा प्रश्न आहे.