तिजोरी आणि चर्चेचे तास
चाकणचा रस्ता राज्याच्या तिजोरीतून करायचा, तर त्यासाठी विधानसभेची मंजुरी लागते. राज्यघटनेच्या 203व्या कलमानुसार खात्यांच्या मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेत होते. विधान परिषद अर्थसंकल्पावर चर्चा करते, मागण्यांवर मत देत नाही. कोणत्या मागणीला किती वेळ, हे आधीच ठरते. आमदार कपात सूचना मांडतात आणि त्या निमित्ताने खात्याला जाब विचारतात. मागणीची रक्कम वाढवण्याचा अधिकार मात्र त्यांना नाही. ठरलेली वेळ संपली, की उरलेल्या मागण्या चर्चेविना मताला टाकतात. यालाच गिलोटिन म्हणतात. मग येते विनियोजन विधेयक. 204व्या कलमामुळे त्यात रक्कम किंवा तिचा उद्देश बदलणारी दुरुस्ती चालत नाही. म्हणजे जे बोलायचे ते मागण्यांच्या वेळीच, आणि नेमका तिथेच वेळ अपुरा पडतो. हे मला फार खटकते.

पिंपरी-चिंचवडकरांनी तर याहून कठीण काळ पाहिला. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, आयुक्तच प्रशासक झाले आणि पुढचे सलग काही अर्थसंकल्प नगरसेवकांच्या चर्चेविनाच मंजूर झाले.