हॅश : जागा सांगणारा अंक

(एका ग्रंथालयात वाचकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगणकशास्त्रावरील ग्रंथ मराठीत आणताना ज्या शब्दांशी झगडावे लागते, त्यांत ‘हॅश’ हा एक लहानसा पण हट्टी शब्द आहे. मांस व बटाटे बारीक चिरून, एकत्र परतून केलेल्या एका पदार्थाचे हे इंग्रजी नाव. आपल्याकडील ‘काला’ हा शब्द अर्थाने त्याच्या पुष्कळ जवळ जातो. परंतु तो उच्चारताच गोकुळ आणि दहीहंडी डोळ्यांपुढे उभी राहते व संगणक बाजूलाच राहतो. म्हणून मी ‘हॅश’ हाच शब्द ठेवला. अनेकांनी ‘ठसा’ हा पर्याय सुचवला होता. तो मात्र मी जाणूनबुजून नाकारला. त्याचे कारण भाषेत नाही, विषयात आहे. आणि आजचे माझे बोलणे मुख्यतः त्या कारणाविषयीच आहे.

हा अंक करतो काय, ते प्रथम पाहू. टपाल कचेरीत पत्रे वेगळी करण्यासाठी खणांची फळी असते. संगणकाच्या स्मृतीतही असेच खण कल्पावेत. एक लाख नावे साठवायची आहेत आणि त्यांतील एखादे क्षणात शोधायचे आहे. सारी नावे क्रमाने चाळण्याऐवजी त्या नावाच्याच अक्षरांवर काही गणित करून एक अंक काढावयाचा, आणि त्या अंकाच्या खणात ते नाव ठेवावयाचे. पुढे शोधताना तेच गणित पुन्हा केले की थेट त्याच खणापाशी पोचता येते. दोन नावांना एकच खण आला, तर त्यास ‘टक्कर’ म्हणतात. अशा वेळी खणातील नावे पूर्ण वाचून हवे ते निवडले जाते. थोडा विलंब होतो, चूक होत नाही. ही कल्पना आय. बी. एम. मधील हान्स पीटर लून ह्यांनी १९५३ च्या जानेवारीत एका अंतर्गत टिपणात मांडली. हे गृहस्थ मूळचे कापडधंद्यातील. कापडातील धागे मोजण्याचे एक साधन त्यांनी पूर्वी तयार केले होते. बँकेच्या कार्डावरील क्रमांक टिपताना चूक झाली आहे काय, हे तपासण्याचे सूत्रही त्यांचेच.

आता गणित कोणते करावे? सर्वांत सोपे म्हणजे प्रत्येक अक्षराच्या संकेतांकाची बेरीज. देवनागरीच्या युनिकोड तक्त्यात ‘र’ चा अंक २३५२, कान्याचा २३६६ आणि ‘म’ चा २३५० आहे. ‘राम’ ह्या शब्दाची बेरीज ७०६८ येते. परंतु ‘मार’ ची बेरीजही तितकीच! ‘रस’ आणि ‘सर’, ‘नव’ आणि ‘वन’ ह्यांचीही तीच गत. अक्षरांचा क्रम बेरजेला कळत नाही. उपाय साधा आहे : पुढचे अक्षर मिळवण्यापूर्वी आधीच्या अंकाला दर वेळी ३१ ने गुणावे. असे केले की ‘राम’ आणि ‘मार’ ह्यांच्या अंकांत १९२० चा फरक पडतो. जावा ह्या भाषेत शब्दांचा हॅश ह्याच रीतीने काढतात. बर्नस्टाइन ह्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या रीतीत ३३ ने गुणतात आणि आरंभ ५३८१ पासून करतात. फाउलर, नोल आणि वो ह्यांनी १९९१ च्या सुमारास सिद्ध केलेल्या रीतीचा गुणक १६७७७६१९ हा आहे.

ह्या जुन्या रीती एकेक अक्षर घेऊन चालतात. त्यांत प्रत्येक गुणाकाराला मागच्या गुणाकाराचे उत्तर लागते, म्हणून यंत्र कितीही चपळ असले तरी त्याला थांबावे लागते. ऑस्टिन ॲपलबी ह्यांची ‘मर्मर’ रीत २००८ मध्ये आली. ती अनेक अक्षरे एकदम उचलते, गुणते आणि अंकाचे द्विमान अवयव चक्राकार फिरवते. यान कोले ह्यांच्या २०१२ मधील ‘एक्सएक्स-हॅश’ रीतीत लांब मजकुरासाठी चार स्वतंत्र ओळी समांतर चालतात. एका रांगेतील उत्तर येईपर्यंत यंत्र दुसऱ्या रांगेचे काम करून घेते, आणि अखेरीस चारही उत्तरे एकत्र कालवली जातात. (येथे ‘काला’ हा शब्द फारच शोभला असता.)

इतका उत्तम विखुरणारा अंक हाती असताना, दोन वस्तूंचे अंक जुळले म्हणजे त्या वस्तूच एक, असे का मानू नये? ‘ठसा’ हा शब्द हेच सुचवतो. बोटाच्या ठशावरून माणूस ओळखावा, तशी अंकावरून वस्तू ओळखावी. आता ३२ द्विमान अंकी हॅशला सुमारे ४२९ कोटी निरनिराळी रूपे घेता येतात. संख्या प्रचंड वाटते. तथापि केवळ ७७ हजार वस्तू गोळा झाल्या, की त्यांतील कुठल्या तरी दोहोंचा अंक जुळण्याची शक्यता निम्म्यावर पोचते. खण शोधण्यासाठी ह्यात काहीच बिघडत नाही. साक्ष म्हणून मात्र हा अंक टिकत नाही.

ही झाली योगायोगाची गोष्ट. हेतुपूर्वक घडवलेली टक्कर ह्याहून गंभीर असते. मघाच्या ३१ च्या रीतीकडे पुन्हा पाहा. इंग्रजी लिपीतील मोठ्या ‘ए’ चा अंक ६५, लहान ‘ए’ चा ९७ आणि मोठ्या ‘बी’ चा ६६. मोठा ‘ए’ व लहान ‘ए’ मिळून झालेल्या शब्दाचा हॅश ६५ गुणिले ३१ अधिक ९७, म्हणजे २११२. दोन मोठ्या ‘बी’ चा हॅश ६६ गुणिले ३१ अधिक ६६, तोही २११२! ह्या दोन जोड्या एकापुढे एक हव्या तशा लावल्या, तर दहा जोड्यांतून १०२४ निरनिराळे शब्द होतात आणि सर्वांचा हॅश एकच येतो. असे एक लाख शब्द कोणी मुद्दाम पाठवले, तर सारे एकाच खणात कोंबले जातात. प्रत्येक नवा शब्द ठेवताना आधीच्या सर्वांशी ताडून पाहावा लागतो, आणि लाखभर पावलांच्या कामाला सुमारे पाचशे कोटी तुलना लागतात. पत्रांची एकच थैली साऱ्या कचेरीचे काम बंद पाडते, ते असे.

ह्या धोक्याचे विवेचन क्रॉस्बी आणि वॉलॅक ह्यांनी २००३ मध्येच केले होते, आणि पर्ल ह्या भाषेने तत्काळ दखलही घेतली. इतर बहुतेक स्वस्थ राहिले. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिन येथील परिषदेत क्लिंक आणि व्हेल्डे ह्यांनी पीएचपी, जावा, पायथन, रूबी अशा अनेक मंचांवर हा मारा कसा चालतो ते दाखवले, तेव्हा धावाधाव झाली. आठ वर्षे हाताशी होती, हे येथे नोंदवलेच पाहिजे. काहींना वाटले की दर वेळी गणिताचा आरंभ एखाद्या गुप्त अंकापासून केला म्हणजे झाले. परंतु २०१२ मध्ये असे सिद्ध झाले, की ‘मर्मर’ रीतीत आरंभीचा अंक कोणताही घेतला तरी टक्कर देणारे शब्द आधीच रचता येतात. वेगासाठी केलेली रचना पहाऱ्यासाठी नव्हती.

त्याच वर्षी ओमासों आणि बर्नस्टाइन ह्यांनी ‘सिप-हॅश’ ही रीत मांडली. तीत गुप्त किल्ली प्रत्येक टप्प्याच्या गणितात मुरलेली असते. ती हाती नसलेल्याला एका खणात पडणारे शब्द आधी रचता येत नाहीत. लांब मजकुरावर ती वेगवान रीतींच्या मागे पडते. लहान शब्दांवर तिचा वेग पुरेसा आहे. पायथनने २०१४ मध्ये शब्दांसाठी तिचा स्वीकार केला. जावाने निराळा मार्ग धरला. तेथे ३१ चे सूत्र भाषेच्या लेखी नियमांतच नमूद असल्याने ते बदलणे शक्य नव्हते. म्हणून २०१४ च्या आवृत्तीत खणाचीच रचना पालटली : एका खणात फार गर्दी झाली की तेथील नावे सरळ रांगेऐवजी वृक्षाच्या फांद्यांसारखी लावली जातात, आणि शोध थोड्या पावलांत आटोपतो. सूत्र जसेच्या तसे राहिले. मोठा व लहान ‘ए’ आणि दोन मोठे ‘बी’ ह्यांचा हॅश जावामध्ये आजही २११२ च येतो.