निरोप गाभाऱ्यापर्यंत



आदिलाबादजवळच्या जैनथ गावी लक्ष्मीनारायणाचे पुरातन पाषाणमंदिर आहे. आपल्या बहुतेक देवळांत भक्त महाद्वारातून आत येतो. परंतु त्याचा नैवेद्य गाभाऱ्यात नेतो तो पुजारीच. आपल्या शरीरातील पेशींची व्यवस्था काहीशी अशीच आहे. केंद्रक हा पेशीचा गाभारा होय.

विषाणूने एखाद्या पेशीत शिरकाव केला, की ती इंटरफेरॉन नावाचे प्रथिन बाहेर सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. आयझॅक्स व लिंडेनमन यांनी १९५७ साली लंडनमध्ये ते शोधून काढले. हे प्रथिन शेजारच्या पेशीच्या आवरणावरील ग्राही प्रथिनाला जाऊन चिकटते. ही झाली महाद्वारावरची थाप. पण संरक्षणाची आज्ञा सुटावयाची ती केंद्रकातील जनुकांकडून. मग निरोप आत नेतो कोण?

हे काम ‘स्टॅट’ नावाची प्रथिने करतात. थाप पडताच त्यांच्यावर फॉस्फेटचा जणू शिक्का उमटतो, त्यांची जोडी जमते आणि इम्पॉर्टिन नावाचे वाहक प्रथिन त्या जोडीला केंद्रकाच्या सूक्ष्म द्वारांतून आत पोहोचविते. फ्लोरिडा विद्यापीठातील हॉवर्ड जॉन्सन व त्यांचे सहकारी यांनी तर असे प्रतिपादन केले, की गॅमा इंटरफेरॉन आणि त्याच्या ग्राहीचा एक घटक हेही स्टॅटसमवेत केंद्रकात जातात. म्हणजे थाप मारणारा पाहुणा आणि द्वारपाल दोघेही थेट गाभाऱ्यात!

शत्रूलाही ही वाट ठाऊक असते. इबोलाच्या विषाणूचे एक प्रथिन इम्पॉर्टिनलाच धरून ठेवते, हे २००६ मध्ये दिसून आले. २०२० च्या महामारीतील करोना विषाणूचे ‘ओआरएफ-६’ हे चिमुकले प्रथिन केंद्रकाच्या द्वारालाच चिकटून स्टॅटची वाट अडविते. थाप ऐकू येते, परंतु आज्ञा सुटत नाही. आणि तेवढ्या अवधीत विषाणूची संख्या वाढत जाते.

म्हणूनच आगाऊ सिद्धतेचे मोल मोठे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत अलग केलेल्या करोना विषाणूपासून हैदराबादेत कोव्हॅक्सिन लस तयार झाली व जानेवारी २०२१ मध्ये तिला आणीबाणीच्या वापराची अनुमती मिळाली. लसीमुळे निर्माण होणारी प्रतिपिंडे विषाणूला पेशीच्या महाद्वाराबाहेरच गाठू शकतात. गाभाऱ्याची वाट अडविली जाण्यापूर्वीच शत्रूला वेशीवर थोपविणे, हेच खरे शहाणपण नव्हे काय?