स्टेंट घातलाय? तारीख लक्षात ठेवा

मुतखड्याच्या ऑपरेशननंतर अनेकदा मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक मऊ, पोकळ नळी बसवतात. दोन्ही टोकं वळलेली असल्यानं ती सहसा सरकत नाही. हाच डीजे स्टेंट. आत सूज असली तरी लघवी वाहती राहते.

मात्र नळी आत असेपर्यंत अनेकांना सारखी लघवीची घाई होते, जळजळ होते, लघवी करताना कमरेत कळ येते. गोंदियाकडं धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीत तासन्‌तास वाकून काम केलं, की लघवी लालसर दिसू शकते. अशा वेळी काम थांबवा, पाणी प्या, आराम करा.

या त्रासाची नोंद घेणारी खास प्रश्नावली 2003 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दुखण्यासोबत कामधंदा आणि पतीपत्नी संबंधांबद्दलही विचारतात. तेव्हा डॉक्टरांशी बोलताना संकोच नको. त्रास कमी करणारी औषधं आहेत.

थंडी वाजून ताप आला, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा लघवी अडली, तर लगेच दवाखाना गाठा.

आणि ‘रोवणी आटोपली की बघू’ म्हणून स्टेंट काढायची ठरलेली तारीख लांबवू नका. विसरलेल्या स्टेंटवर खडे साचतात, मूत्रपिंडही निकामी होऊ शकतं.