उतार आधी ओळखायचा



आपल्यातलं कुणी डॉक्टर झालं, कुणी मास्तर. मी ट्रकवर गेलो. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन पोचवायचं, हे माझं काम. बालाघाटाच्या चढउतारांवर भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर हळू करायची नसते. सारखा ब्रेक दाबला की ड्रम तापतात, लायनर पकड सोडतं आणि ऐन गरजेला ब्रेक लागत नाही.

म्हणून उतार लागायच्या आधीच खालच्या गिअरवर यायचं. जुन्या गाडीत क्लच दोनदा: दाबून न्यूट्रल, सोडून थोडी रेस, पुन्हा दाबून खालचा गिअर. रेस बरोबर बसली तर खरखर होत नाही, झटका बसत नाही; इंजिनच गाडी धरून ठेवतं.

डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्या पोरांना मी सांगतो, वाचलं तर चहापुरतं वाचेल. समोरून लेकरांनी भरलेली शाळेची ऑटो येत असते.

गुरुजी, गणितात एकही पायरी गाळू नका, असं तुम्ही म्हणायचात. घाटात मी तेच करतो.