गजर खोटा, ताण खरा

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि मानसोपचारतज्ज्ञही नाही. इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा माणूस आहे. तरी हा विषय मी मागून घेतला. कारण ऑफिसात, नात्यात, मोहल्ल्यात माझ्याच वयाची कितीतरी माणसं मला एकटं गाठून सांगतात, "यार, अचानक जीव घाबरतो." आणि हे सांगताना आवाज खाली आणतात. शुगर किंवा ॲसिडिटी सांगताना आपण आवाज खाली आणत नाही.

आधी नेमकं काय होतं ते पाहू. काही कारण नसताना छातीत धडधड सुरू होते. श्वास पुरत नाही. घाम फुटतो, हातपाय गार पडतात, बोटांना मुंग्या येतात, समोरचं सगळं खोटं वाटू लागतं. आणि एकच विचार येतो : आता मी मरणार, किंवा मला वेड लागणार. याला पॅनिक अटॅक म्हणतात. साधारण दहा मिनिटांत तो शिगेला पोहोचतो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरतो. ज्याला येतो त्याला मात्र ती दहा मिनिटं संपता संपत नाहीत.

यात शरीर नवीन काहीच करत नसतं. समोर साप आला तर पळता यावं म्हणून शरीर जे करतं, तेच ते करतं. ॲड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून चक्कर येते आणि मुंग्या येतात. फरक एवढाच की समोर साप नसतो.

आमच्या कामात सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणा असतात. काही बिघडलं की रात्री दोन वाजताही फोन वाजतो. कधी कधी सर्व्हर ठणठणीत असतो आणि तरी फोन वाजतो. तेव्हा आम्ही सर्व्हर फोडत नाही आणि गजर कायमचा बंदही करत नाही. तो उगाच का वाजला ते शोधतो. पॅनिक अटॅक हा असा खोटा गजर आहे.

मग तो पुन्हा पुन्हा का वाजतो? डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली याचं चक्र मांडलं. छातीत थोडं धडधडतं. मन त्याचा अर्थ लावतं, 'हार्ट अटॅक!' त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड म्हणजे जणू पुरावाच. धडधड एक वेळ जिने चढल्यामुळे असेल, दोन कप कडक चहामुळे असेल किंवा रात्रभर झोप न झाल्यामुळे असेल. आग लागते ती तिच्या अर्थामुळे.

माझ्या एका मित्राचं सांगतो. सोलापूरचा मुलगा, पुण्यात नोकरी. घरचा मोठा, बहिणीचं लग्न तोंडावर, फ्लॅटचा हप्ता, आणि कंपनीत कपातीची कुजबुज. एके दिवशी कंपनीच्या बसमध्ये त्याला अटॅक आला. दवाखान्यात ईसीजी निघाला, सगळं नॉर्मल. "काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका," असं सांगून घरी पाठवलं. पुढच्या आठवड्यात तो बसमध्ये दाराजवळची सीट धरू लागला. मग बस सोडून बाइक. मग उड्डाणपूल टाळून लांबचा रस्ता. मग जुम्म्याला मशिदीत शेवटच्या सफमध्ये, चपलांजवळ. मग लग्नकार्यं बंद. सहा महिन्यांत त्याचं जग एका खोलीएवढं झालं.

यात त्याचा आळस नव्हता. टाळलं की त्या क्षणी बरं वाटतं, हीच तर गोची आहे. प्रत्येक वेळी टाळल्यावर मेंदू शिकतो की तिथे खरंच धोका होता. म्हणून उपचार उलट दिशेने जातो. त्याला कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी देणाऱ्या समुपदेशक ताईंनी आधी पायऱ्या लिहून काढायला लावल्या. पहिल्या आठवड्यात एक स्टॉप बसने. नंतर तीन स्टॉप. मग मधली सीट. मध्ये अटॅक आला तरी उतरायचं नाही, तो ओसरेपर्यंत बसून राहायचं. काही आठवड्यांत मेंदूला नवा धडा मिळाला : गजर वाजला, आणि काहीच झालं नाही. आज तो बसनेच जातो. कधी तरी धडधडतं. तो म्हणतो, "आलास का? बस शेजारी."

अटॅक आला तर काय करायचं, हे आता थोडक्यात. जिथे आहात तिथेच थांबा, गाडी चालवत असाल तर बाजूला घ्या. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. सोडणं लांब हवं. तोंडाला पिशवी लावू नका. मनात म्हणा, 'हा पॅनिक आहे, वर चढतोय, खाली येणार.' त्याच्याशी झटापट करू नका. समोरच्या पाच गोष्टींची नावं घ्या. ओसरल्यावर मोबाइलमध्ये दोन ओळी लिहा : किती वाजता, आधी काय खाल्लं-प्यालं, किती झोपलो, डोक्यात काय चाललं होतं. महिनाभराने त्या ओळी वाचल्या की बरंच कळतं.

पण एक पथ्य. पहिल्यांदा असं झालं तर डॉक्टरांना दाखवाच. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासून घ्या. छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, शुद्ध हरपत असेल, तर थेट हॉस्पिटल. तिथे मानसशास्त्र चालवू नका. आणि मेडिकलमधून मित्राच्या चिठ्ठीवर झोपेची किंवा 'शांत करणारी' गोळी आणू नका, अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते. डॉक्टर दीर्घकाळासाठी देतात ती औषधं वेगळी. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्यांची नशा होत नाही, पण तीही मनाने एकदम बंद करायची नसतात.

आता आपल्या घरांकडे येतो. आपल्याकडे मुलाला असं झालं की ऐकू येतं, "मर्द बन." मुलीला झालं की आधी लग्नाची काळजी, मग गोळ्यांचं पाकीट कपाटात कपड्यांखाली. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं असर झालाय, कुणी म्हणतं ईमान कमजोर आहे. शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त लागतं. आधीच घाबरलेल्या माणसावर आपण गुन्ह्याचं ओझं टाकतो. तो मग जास्त नमाज पढतो आणि तरी अटॅक आला की स्वतःला आणखी दोष देतो.

अबू झैद अल-बल्खी या विद्वानाचा काळ ८५० ते ९३४. 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' या त्यांच्या ग्रंथात शरीराच्या आणि मनाच्या आरोग्याचा एकत्र विचार आहे. भीती, दुःख, राग आणि डोक्यात घोळत राहणारे विचार यांवर त्यांनी वेगवेगळं लिहिलं. घरात अचानकच्या दुखण्यासाठी औषध जपून ठेवतो, तसे शांत असताना चांगले विचार जमवून ठेवावेत आणि भीतीच्या वेळी वापरावेत, असा त्यांचा सल्ला. अकराशे वर्षांपूर्वीचा हा माणूस घाबरणाऱ्याला बेईमान म्हणत नव्हता.

आणि दुसरी बाजूही बोलली पाहिजे. ६ ऑगस्ट २००१ला तमिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याच्या परिसरातल्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवलं होतं. २८ जण गेले. पॅनिक आणि त्यांचे आजार एक नव्हेत, पण आजार लपवण्याची आपली सवय एकच आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने माणसाला साखळीने बांधायला बंदी केली. गुजरातमधल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यावर 'दवा-दुआ' नावाचा प्रकल्प झाला. श्रद्धेने येणाऱ्यांना तिथेच मानसोपचारतज्ज्ञ भेटू लागले आणि मुजावरांनीही त्यात साथ दिली. अम्मीला दम केलेलं पाणी द्यायचं असेल तर देऊ द्या. त्याच दिवशी डॉक्टरांची वेळही घ्या.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. गजर खोटा आहे, असं मी म्हणालो. तुमचा ताण खोटा आहे, असं मी म्हटलेलं नाही. भाड्याचं घर बघायला गेल्यावर नाव ऐकून "आत्ताच गेलं" म्हणणारा एजंट खरा आहे. हप्ता खरा आहे. एमपीएससीची हातून निसटणारी वर्षं खरी आहेत. व्हॉट्सॲपवर सकाळी सकाळी येणारा व्हिडिओ पाहून पोटात पडणारा खड्डा खरा आहे. नुसता दीर्घ श्वास घेतल्याने यातलं काही बदलत नाही. तसं सांगणारा माणूस तुमची फसवणूक करतो.

म्हणून दोन्हींचे इलाज वेगळे ठेवा. अटॅकचा इलाज श्वास, पायऱ्या, समुपदेशक, गरज पडली तर औषध. ताणाचा इलाज कागद आणि माणसं. हप्त्याचा हिशेब बायकोसमोर, भावासमोर मांडा, एकट्याने रात्री छताकडे बघत करू नका. घर शोधायला दोघं-तिघं मिळून जा, ज्यांना घर मिळालं त्यांच्याकडून चांगल्या मालकांची यादी करा. परीक्षेला किती वर्षं द्यायची ते आधी ठरवा आणि घरी सांगा. फोन रात्री खोलीबाहेर ठेवा. अन्यायाशी लढायचं असेल तर झोप लागते. घाबरून घरात बसलेला तरुण कुठल्याच चळवळीच्या कामाचा राहत नाही, आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या कामाचा राहत नाही.

पैशांचं काय, हा प्रश्न येणार. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली, नंबर १४४१६. दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागाची चौकशी करा. आणि २०१७च्याच कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे, तुमची पॉलिसी काढून वाचा. निमहान्सच्या २०१५-१६च्या पाहणीत १२ राज्यांत असं दिसलं की चिंता, नैराश्य अशा नेहमीच्या मानसिक आजारांत शंभरातल्या ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. आजार दुर्मीळ नाही, उपचारापर्यंत जाणं दुर्मीळ आहे.

जाता जाता एक काम देतो. १४४१६ हा नंबर आत्ताच सेव्ह करा. आणि पुढच्या वेळी कुणी "जीव घाबरतो" म्हणालं तर "काही नाही रे" म्हणू नका. "कधीपासून? चल, मी येतो सोबत डॉक्टरांकडे," एवढंच म्हणा.

आता तुमचे प्रश्न घेतो. सगळ्यांसमोर विचारायचे नसतील तर चहाच्या वेळी मी बाहेर व्हरांड्यात आहे.